मासे खाल्ले की तोंड लालबुंद आणि पोटात मुरडा – घरात फक्त मलाच का?

देवगडची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही दुखण्याचा, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ४१, सासर डोंबिवली, माहेर देवगड. म्हणजे मासे मला नवे नाहीत. श्रावण पाळतो, मग गणपती, त्यामुळे मधे बरेच दिवस घरात मासे नव्हते. गणपती गेल्यावर पहिल्यांदा बांगडे आणले. तळलेले दोन आणि थोडं तिरफळ घातलेलं सार, एवढंच जेवले. ओटा पुसत होते तेवढ्यात कान तापले. आरशात पाहिलं तर चेहरा, गळा, ब्लाउजच्या गळ्यापर्यंत छाती, सगळं लाल. डोळेसुद्धा. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, आणि मग पोटात असा मुरडा की संडासातून बाहेर यायची सोय नाही. संध्याकाळी चहाच्या वेळेला सगळं गायब. त्याच तव्यावरचे बांगडे सासूबाईंनी खाल्ले आणि दुपारी छान झोपल्या.

म्हटलं ऊन लागलं असेल. पुढे मैत्रिणीकडे सुरमई खाल्ली, तेव्हा थोडंसं तसंच. मग नवरात्रानंतर सुक्या बांगड्याची किसमूर केली आणि पुन्हा पहिल्यासारखं, किंबहुना जास्तच. मधल्या काळात पापलेट, ओले बोंबील, कोलंबी खाल्ली, काहीही झालं नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी. सेटिरिझिन दिली, तिने बरं वाटतं. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा पाहून रोझेशिया (चेहऱ्यावर लाली येणारा त्वचेचा आजार) म्हणून क्रीम दिलं, ते महाग आहे आणि काही करत नाही. रक्ततपासणी, थायरॉइड ठीक. माशांच्या अ‍ॅलर्जीची रक्ताची तपासणी निगेटिव्ह. शुगर-बीपी नाही, पाळी नियमित, कुठलंही औषध चालू नाही.

कुणाला असा अनुभव आहे का? बांगडा कायमचा सोडायचा या कल्पनेनेच पोटात गोळा येतो.

सुमन_सातारा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

अगं हे पित्त उठलंय. आमसुलं भिजत घाल, कोळून ते पाणी अंगाला लाव आणि थोडं साखर-जिरेपूड घालून पी. आमच्याकडे सगळ्यांना यानेच उतार पडतो. आणि माशांवर दूध, दही, ताक अजिबात नको. सोलकढी चालते, ते नारळाचं दूध.

देवगडची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३४

सुमनताई, आमसुलाचं पाणी लावून झालं. गार वाटतं तेवढंच. पण पित्ताच्या गांध्या असतात ना, तशा उठत नाहीत. सपाट लाली आहे. खाजही फारशी नाही, आग होते. दूध-दह्याचा प्रश्नच नाही, माहेरची शिस्त आहे.

शंकासुर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ताई घाबरवायचं नाहीये, पण गूगलवर 'चेहरा लाल होणे + जुलाब' टाकलं की पहिलंच उत्तर कार्सिनॉइड ट्यूमर येतं. आतड्यात गाठ असते. ताबडतोब पूर्ण बॉडी स्कॅन करून घ्या. वेळ घालवू नका.

मिरजेचा_तंबोरा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४८

शंकासुर, "घाबरवायचं नाहीये" म्हणून रविवारच्या अंकातल्या राशिभविष्यासारखं भाकीत करू नका हो.

माझ्या थोरल्या भावाला खरोखर कार्सिनॉइड आहे, म्हणून लिहितोय. त्याला लाली यायची ती जेवणाशी बांधलेली नव्हती. कधी नुसतं जिना चढल्यावर, कधी रागावल्यावर, कधी काहीच कारण नसताना. घाम नाही, नुसती कोरडी लाली. जुलाब रात्री झोपेतूनही उठवायचे, उपास असला तरी. काही वर्षं त्याला आयबीएस (आतडं बिघडण्याचा साधा विकार) म्हणून इसबगोल आणि 'टेन्शन घेऊ नका' यावर काढायला लावली. शेवटी एका तरुण डॉक्टरने २४ तासांची लघवी गोळा करून ५-एचआयएए नावाची तपासणी करायला सांगितली, तिथे उलगडा झाला. मूळ गाठ लहान आतड्यात होती आणि तोवर यकृतात पसरली होती. आता महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन घेतो आणि बऱ्यापैकी ठणठणीत आहे, परवाच माझ्याशी भांडला.

त्या तपासणीसाठी आधी काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड, वांगी बंद ठेवायला लागतात, नाहीतर आकडा उगाच वर जातो. आम्हाला हे पहिल्यांदा कुणी सांगितलंच नव्हतं आणि भावाचा नाश्ता म्हणजे दोन केळी. पुन्हा सगळं डबडं भरावं लागलं.

हा आजार फार दुर्मीळ. तुमचं दुखणं ठरावीक माशांवरच येतंय, पापलेटवर येत नाही. मला तरी हे त्यातलं वाटत नाही. अर्थात डॉक्टर मी नाही.

खाडीपलीकडे | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

यादी नीट बघा. बांगडा, सुरमई, सुका बांगडा बाधले. पापलेट, बोंबील, कोलंबी नाही. तुम्ही तारली आणि कुपा खाऊन बघितला असता तर तोही पहिल्या रांगेत बसला असता, असं माझं भाकीत. (खाऊन बघू नका.)

हे माशाच्या ताजेपणाचं प्रकरण आहे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेला आणि बर्फात गेला नाही की त्यावरचे जंतू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. आपल्याला अ‍ॅलर्जी होते तेव्हा शरीर आतून जे सोडतं तेच हे द्रव्य, इथे ते ताटातून येतं. इंग्रजीत याला स्कॉम्ब्रॉइड म्हणतात, बांगडा-कुप्याच्या कुळावरून. जेवल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात लाली, डोकेदुखी, धडधड, जुलाब, आणि काही तासांत बरं. सेटिरिझिनने उतार पडतो. अ‍ॅलर्जीची तपासणी निगेटिव्ह येते, कारण अ‍ॅलर्जी नसतेच.

सगळ्यात वाईट म्हणजे एकदा हिस्टामिन तयार झालं की तळा, उकडा, खारवा, फ्रीझरमध्ये टाका, ते जात नाही. आणि दरवेळी वासही येत नाही. कधी जिभेला मिरपूड लागल्यासारखी चुणचुण होते, पण मालवणी मसाल्यात ती कुणाला कळणार!

आमच्याकडे उरणला बांगडा घेताना कल्ला उचलून बघतात. लालभडक हवा, तपकिरी नको. पोट दाबलं की बोट उमटायला नको. आणि मुख्य म्हणजे कोळणीच्या पाटीत बर्फ आहे की नुसतं पाणी मारलंय ते बघा. दुपारी बारानंतर उन्हातल्या पाटीतला बांगडा मी फुकट दिला तरी घेणार नाही.

देवगडची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी २:०२

खाडीपलीकडे, तुम्ही लिहिलंय ते शब्दन् शब्द माझंच वर्णन आहे. अगदी जिभेच्या चुणचुणीसकट, मी ती तिरफळाची समजले होते.

पण मग सासूबाईंना का नाही? एकच पाटी, एकच तवा. मासेवालीही पंधरा वर्षांची ओळखीची, सकाळी साताठ वाजता दारात येते, खाली बर्फ असतोच. आणि सुरमई तर मैत्रिणीकडची, वेगळ्याच बाजारातली. तिथे सहा जण जेवले, लाल मी एकटी.

खाडीपलीकडे | १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

एकाच पाटीतल्या दोन बांगड्यांत फरक असू शकतो, एकाच माशाच्या दोन तुकड्यांतसुद्धा. पण दरवेळी वाईट तुकडा तुमच्याच ताटात यावा हे जरा जास्तच होतंय. इथे माझी गाडी अडली.

नथीचा_नखरा | १० नोव्हेंबर, दुपारी ३:१०

वय ४१ म्हणताय. मेनोपॉजची सुरुवात असेल का? माझे हॉट फ्लॅशेस असेच सुरू झाले, पाळी नियमित असतानाच. फक्त मला नंतर दरदरून घाम यायचा आणि पोटाचं काही नव्हतं.

अवांतर: किसमूर कशी करता? आमच्याकडे सुक्या जवळ्याचीच करतात.

देवगडची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी ३:२५

घाम नाही येत. आणि मासे नसतील तर महिनाभरसुद्धा काही होत नाही.

बांगडा निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजायचा, काटे काढून कुस्करायचा, कच्चा कांदा, ओलं खोबरं, सुकी मिरची चुरून, आमसूल किंवा चिंचेचा कोळ, वर खोबरेल तेलाची धार. आता लिहितानाही तोंडाला पाणी सुटलंय आणि भीतीही वाटतेय.

गोळीबार | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

पेशाने फार्मासिस्ट आहे, आयडीवरून कळलंच असेल. एक उलटतपासणी करू का?

तुम्ही लिहिलंत 'कुठलंही औषध चालू नाही'. काउंटरवर उभं राहून शिकलेली गोष्ट अशी की लोक हे वाक्य बोलतात तेव्हा त्यात निम्म्या गोळ्या धरलेल्याच नसतात. म्हणून वेगळं विचारतो. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं? व्हिटॅमिन, कॅल्शियम, केस गळतात म्हणून काही, आयुर्वेदिक काढा, वजनाची पावडर, गुडघ्यासाठी कुणी दिलेलं काही, शाळेतून-अंगणवाडीतून-सरकारी दवाखान्यातून मिळालेलं काही?

दुसरं, गणपतीच्या आधी म्हणजे मासे बंद होते त्या महिन्या-दीड महिन्यात घरात काय नवीन घडलं?

देवगडची_लेक | १० नोव्हेंबर, रात्री १०:१५

कॅल्शियम घेते, अधूनमधून. काढे नाहीत.

नवीन घडलं ते म्हणजे मामंजींना जुलैत फुप्फुसाचा टीबी निघाला. त्यांचा कोर्स चालू आहे, आता तब्येत सुधारतेय. तेव्हा आशाताई घरी येऊन सगळ्यांची नावं लिहून घेऊन गेल्या. माझा आणि मुलाचा एक्स-रे काढला, चांगला आला. तरी खबरदारी म्हणून आम्हा दोघांना सहा महिने रोज एक गोळी आहे, श्रावणात सुरू झाली. सोबत एक बी-सिक्सची. सासूबाईंना मागे कावीळ होऊन गेली आणि यकृताचं काही चालू आहे, म्हणून त्यांना दिली नाही. मिस्टर बोटीवर असतात, मार्चपासून घरीच नाहीत.

पण ते काही माझ्या आजाराचं औषध नाही. मला टीबी नाहीये.

गोळीबार | १० नोव्हेंबर, रात्री १०:२१

गोळीच्या पाकिटावर आयसोनियाझिड ३०० लिहिलंय का, बघून सांगा.

देवगडची_लेक | १० नोव्हेंबर, रात्री १०:२६

हो! अगदी तेच.

गोळीबार | १० नोव्हेंबर, रात्री ११:४०

ठीक. आता सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट ठळक: गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढचं वाचून तो मोह होईल म्हणून आधीच सांगितलं.

खाडीपलीकडे यांनी माशातल्या हिस्टामिनचं जे सांगितलं ते बरोबर आहे. पण हिस्टामिन थोड्याफार प्रमाणात बऱ्याच माशांत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण आतड्याच्या अस्तरात डायअमिन ऑक्सिडेज नावाचं विकर बसलेलं असतं, ते हिस्टामिन रक्तात शिरायच्या आधीच मोडून टाकतं. आयसोनियाझिड या विकराला अडवतं. मग सासूबाईंच्या पोटात जे हिस्टामिन मुकाट्याने मोडलं जातं, तेच तुमच्या पोटातून सरळ रक्तात जातं. मासा खराब असायची गरज नाही. इतरांना चालेल इतपत ताजा मासाही तुम्हाला बाधतो.

हे माझं डोकं नाही. आयसोनियाझिडच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं की ट्यूना, स्किपजॅक आणि उष्ण प्रदेशातले इतर मासे खाल्ल्यावर डोकेदुखी, घाम, धडधड, लाली, रक्तदाब उतरणे हे होऊ शकतं. श्रीलंकेत उरागोडा आणि कोट्टेगोडा या संशोधकांनी १९७७ साली क्षयरोगाच्या रुग्णांवरच याबद्दल लिहून ठेवलंय. तिथेही आपल्यासारखंच, भाताबरोबर मासे रोजचे आणि टीबी भरपूर. गोळी १९५२ पासून वापरात आहे. पण आपल्याकडे गोळी देताना दारू नको, कावीळ दिसली तर या, एवढं सांगतात. बांगड्याचं सहसा कुणी सांगत नाही. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत तरी सांगायला हवं, असं माझं मत.

आता तुमचं घर बघा. मामंजींच्या चार औषधांतही आयसोनियाझिड असणारच. त्यांना काही झालं नाही का? ते बांगडा खातात का? आणि मुलगा?

देवगडची_लेक | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

रात्रभर झोप नाही लागली, पण सुटल्यासारखं वाटतंय.

मामंजी माळकरी आहेत! मासे शिवत नाहीत. त्यांचा स्वयंपाक आधी होतो, मग आमचा तवा चढतो. आणि मुलाला काट्यांचा मासा चालत नाही, त्याला फक्त पापलेट. बांगडा पुढे आला की ऑम्लेट मागतो.

खाडीपलीकडे | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

घ्या! पापलेटात हिस्टिडिन कमी. म्हणून पोरगं त्याच गोळ्या गिळूनही सुटलं. गोळीबार, तुम्हाला आमच्याकडून एक ताजा बांगडा, बर्फातला.

शंकासुर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मग मी म्हणतो गोळी बंदच का करू नये? एक्स-रे चांगला आहे, आजार नाही. निरोगी माणसाला सहा महिने औषध हेच मुळात पटत नाही.

स्टेथो | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

एमडी मेडिसिन आहे. इथे सहसा लिहीत नाही, पण वरचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

घरात फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस असला की सोबत राहणाऱ्यांच्या शरीरात जंतू झोपलेल्या अवस्थेत असण्याची शक्यता बरीच असते. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. त्यातल्या काहींना पुढे आजार होतो, आणि घरात संसर्ग झाल्यावरची पहिली दोनेक वर्षं त्या दृष्टीने जास्त धोक्याची. ते टाळण्यासाठी ही गोळी आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी ती मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना द्यायचे, २०२१ पासून घरातल्या सगळ्या वयाच्या लोकांपर्यंत नेली. तेव्हा बांगड्यासाठी गोळी सोडणं हा व्यवहार पूर्ण उलटा आहे. गोळी ठेवा, बांगडा थांबवा.

गोळीबार यांचा तर्क मला पटतो. तरी पडद्यावर वाचून निदान होत नसतं, म्हणून धागाकर्तीला तीन गोष्टी.

एक, जिथून गोळ्या मिळतात तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे सगळं जसंच्या तसं सांगा. गोळी बदलायची की नाही ते ठरवतील. दुसरी, यकृताची तपासणी या निमित्ताने करून घ्या. ही गोळी काहींच्या यकृताला त्रास देते आणि त्याचीही सुरुवात पोटाच्याच तक्रारींनी होते: भूक मेली, मळमळ, लघवी गडद, डोळे पिवळे. असं काही दिसलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. तिसरी, लालीसोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर सेटिरिझिन खाऊन घरी पडून राहायचं नाही. १०८ ला फोन. ती खरी अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, असू शकते. अशा वेळी पहिल्या काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज तपासलं तर अ‍ॅलर्जी की माशातलं विष, हे ओळखायला मदत होते.

आणि मित्रमैत्रिणींनो, "पुन्हा खाऊन बघते, होतं का" हा प्रयोग घरी करायचा नाही.

सुमन_सातारा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:४५

वाचून शिकले बाई. पण आमसुलाने नुकसान काही नाही हो!

गुळाचा_खडा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:००

धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. मला पण लाली + जुलाब दोन्ही आहे, पण आमच्या घरात मासे सोडा, चातुर्मासात कांदा-लसूणही नसतो. तेव्हा तुमचा बांगडा-सिद्धान्त माझ्या कामाचा नाही. वय ५८, पुणे. दुपारी तोंड, कान तापतात, पावलांना थोडी सूज. पोट सकाळी नाश्त्यानंतर हमखास बिघडतं, फिरायला जायचं म्हणजे वाटेत संडास कुठे आहे याचा नकाशा डोक्यात ठेवून. तंबोऱ्यांचं पोस्ट वाचून माझी आता पाचावर धारण बसलीये.

गोळीबार | ११ नोव्हेंबर, रात्री ८:२०

गुळाचा_खडा, गोळ्यांची यादी द्या. सगळ्या.

गुळाचा_खडा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३३

तुम्हाला प्रत्येक रोगात गोळीच दिसते वाटतं. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, नुकतीच ५ ची १० केली. साखरेसाठी मेटफॉर्मिन १०००, नाश्त्याबरोबर. बस्स.

गोळीबार | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४१

अ‍ॅम्लोडिपिनने चेहरा तापतो आणि पाय सुजतात, डोस वाढला की जास्त. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं. दोन लक्षणं म्हणजे एकच आजार असायला हवा असा काही नियम नाही. डॉक्टरांना ही दोन वाक्यं जाऊन ऐकवा. गोळ्या आपल्या आपण कमी-जास्त करू नका, दोन्हींना पर्याय आहेत.

गुळाचा_खडा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५८

डॉक्टर आमचे घाईत असतात. पण जातो. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

देवगडची_लेक | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अपडेट द्यायचं राहिलं होतं.

मुलाला शाळेत सोडून तिथून तडक केंद्रावर गेले. तिथल्या मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनाही वाचनातून माहीत होतं, प्रत्यक्ष पेशंट पहिल्यांदा पाहतेय म्हणाल्या. गोळी तीच ठेवलीय. बांगडा, सुरमई, कुपा, तारली, सुके मासे, जवळा सगळं कोर्स संपेपर्यंत बंद. पापलेट, बोंबील, कोलंबी ताजी असेल तर चालेल. जुनं मुरवलेलं चीज आणि रेड वाइनही नको म्हणाल्या. त्यावर मी हसले, डोंबिवलीत हे कुठून आणू! यकृताचा रिपोर्ट चांगला आला. आणि माझ्याकडे बघून त्यांनी कार्डावर लाल पेनाने 'बांगडा नको' असं मराठीत लिहिलं, खाली सही.

आशाताई म्हणाल्या, त्यांच्या यादीतले दोघे कोळीवाड्यातले आहेत, त्यांना उद्याच विचारते.

रोझेशियाचं क्रीम उरलंय, कुणाला हवं असेल तर... गंमत केली.

स्टेथो | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

छान झालं. एक भर. हे अ‍ॅलर्जी म्हणून कुठल्याही केसपेपरवर कायमचं लिहू देऊ नका. 'आयसोनियाझिड चालू असताना हिस्टामिनची प्रतिक्रिया' असं लिहून घ्या. नाहीतर उद्या दुसरा डॉक्टर 'मासे वर्ज्य' वाचेल आणि तुम्ही जन्मभर वांग्याचं भरीत खाल.

नथीचा_नखरा | १९ नोव्हेंबर, रात्री १०:३२

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या भाच्याला हीच गोळी चालू आहे, आणि तो राहायला रत्नागिरीत. आत्ताच फोन करते.

देवगडची_लेक | २२ मार्च, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. फेब्रुवारीत कोर्स संपला. मॅडमनी लगेच तुटून पडू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या म्हणून सांगितलं होतं, तेवढे दिले. काल एक बांगडा खाल्ला, एकच, नि मुलगा मोबाइलवर घड्याळ लावून समोर बसला होता. काही झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, आता दुसरा घे, थंड होतोय.

खाडीपलीकडे | २२ मार्च, रात्री ९:३०

मार्चातला बांगडा? ऊन तापलंय ताई, सकाळचाच घ्या आणि बर्फ बघून घ्या. गोळी संपली म्हणून जंतू संपलेले नाहीत. नुसत्या शिळ्या माशाने सासूबाईसुद्धा लाल होतील.

मिरजेचा_तंबोरा | २२ मार्च, रात्री ९:४७

अभिनंदन! गुळाचा_खडा, तुमचं काय झालं शेवटी?

गुळाचा_खडा | २३ मार्च, सकाळी १०:२०

हेमाशेपो म्हटलं होतं, पण विचारलंत म्हणून. मेटफॉर्मिन बदलून हळूहळू विरघळणारी दिली, ती रात्री जेवणानंतर. पोट पुष्कळ बरं आहे, पूर्ण नाही. बीपीची गोळी बदलली, पायांची सूज गेली. लाली मात्र अजून अधूनमधून येते, त्यामुळे डॉक्टरांनीच ती २४ तासांच्या लघवीची तपासणी लिहून दिलीये. पुढच्या सोमवारी आहे. केळी-टोमॅटो बंद केलेत, बायको विचारते आता आमटीत घालू काय.

मिरजेचा_तंबोरा | २३ मार्च, सकाळी १०:४१

आमसूल घाला. आणि सोमवारी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या वेळेपासून डब्यात, मग मंगळवारची पहिली धरून थांबायचं. लॅबवाल्यांना विचारा डब्यात आधीपासून अ‍ॅसिड घातलेलं आहे का. असेल तर डब्यात थेट करायची नाही, दुसऱ्या भांड्यातून ओतायची, अंगावर उडू देऊ नका.